घटक ५ : ईमेलची माहिती-फाइल : आवृत्ती बदलल्यानंतरचे दोष व त्यांचे निवारण

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• ईमेलचा पत्रव्यवहार संगणकावर कोठे व कोणत्या स्वरूपात साठतो, हे सांगता येईल.
• नवी आवृत्ती बसवल्यानंतर उद्भवणाऱ्या दोषांचे कारण ओळखता येईल.
• मूळ फाइलला धक्का न लावता दुरुस्तीचा क्रम ठरवता येईल.
• मराठी मजकूर वाचता न येण्याचे प्रकार वेगळे करता येतील.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन ईमेलचे लेखन कसे करावे, ते पाहिले. पत्र लिहिण्याइतकेच ते जपणेही महत्त्वाचे असते. कागदी पत्रांसाठी आवक-जावक नोंदवही, फायली आणि कपाट असते. ईमेलच्या बाबतीत हे सारे कपाट बहुधा एका फाइलमध्ये सामावलेले असते आणि ती फाइल आपण सहसा कधी पाहिलेलीही नसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मलकापूर–बुलढाणा मार्गावर मोताळा हे तालुक्याचे गाव आहे. समजा, तेथील एका सार्वजनिक वाचनालयाचे आपण चिटणीस आहात. वाचनालयाचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार एकाच संगणकावरील आउटलुक या प्रणालीत साठलेला आहे. त्यात अनुदानाची पत्रे, पुस्तक-विक्रेत्यांची देयके, व्याख्यात्यांची संमतिपत्रे आणि वार्षिक अंकासाठी आलेले लेख आहेत. जुना संगणक काढून नवा आणला, त्यावर आउटलुकची नवी आवृत्ती बसवली आणि जुनी फाइल उघडू लागताच ‘फाइल उघडता येत नाही’ अशी सूचना आली. लेखापरीक्षण आठ दिवसांवर आलेले आहे. अशा वेळी काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हा या घटकाचा विषय आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ पत्रे नेमकी कोठे असतात?

ईमेल मिळवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. ‘पॉप’ पद्धतीत पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवली जातात आणि तशी मांडणी केलेली असल्यास सर्व्हरवरून काढूनही टाकली जातात. ‘आयमॅप’ पद्धतीत मूळ पत्रे सर्व्हरवरच राहतात व संगणकावर त्यांची प्रत येते. म्हणून सर्वप्रथम आपले खाते कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहावे. ते आयमॅपचे असेल, तर संगणकावरील प्रत बिघडली तरी खाते पुन्हा जोडताच सर्व्हरवरील पत्रे परत मिळतात. ते पॉपचे असेल, तर संगणकावरील फाइल हीच एकमेव प्रत असण्याचा संभव असतो. मग तिला दस्तऐवजाप्रमाणे हाताळावे लागते.

आउटलुकमधील अशा फाइलच्या नावाअखेर ‘पीएसटी’ ही अक्षरे असतात. सर्व्हरवरील पत्रांची प्रत ठेवणारी फाइल ‘ओएसटी’ म्हणून ओळखली जाते. थंडरबर्ड ही प्रणाली प्रत्येक कप्प्यासाठी सहसा ‘एमबॉक्स’ प्रकारची स्वतंत्र फाइल ठेवते व तिच्यासोबत ‘एमएसएफ’ ही अनुक्रमणिकेची फाइल ठेवते. अनुक्रमणिका बिघडली, तर प्रणाली बंद करून ती काढून टाकता येते. थंडरबर्ड ती पुन्हा तयार करते. एमबॉक्स फाइल मात्र काढू नये, कारण पत्रे तिच्यातच असतात.

५.२.२ पहिला नियम : आधी प्रत, मग उपचार

दोषाची सूचना दिसताच आपला हात दुरुस्तीकडे वळतो. येथे थांबावे. ईमेल प्रणाली पूर्ण बंद करावी, माहिती-फाइलची प्रत पेन-ड्राइव्हवर किंवा बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीच्या प्रतीवर करावेत. जुना संगणक लगेच विकू नये व त्याची डिस्क पुसू नये. आवृत्ती बदलल्यानंतर उघडत नसलेली फाइल नष्ट झालेली असतेच असे नाही. पुष्कळदा फाइल शाबूत असते, फक्त नव्या प्रणालीला ती सापडत नाही किंवा वाचता येत नाही. घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे मात्र ती खरोखरच बिघडू शकते.

५.२.३ दोषाचे निदान

कारणांचा शोध सोप्याकडून अवघडाकडे घ्यावा.

(अ) ठिकाण : विंडोज एक्सपीच्या काळात आउटलुकची फाइल सहसा वापरकर्त्याच्या लपवलेल्या कप्प्यात असे. आउटलुक २०१० पासून नवी पीएसटी फाइल ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या कप्प्यात तयार होते. त्यामुळे केवळ ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत घेणाऱ्याकडून जुनी फाइल मागे राहते. जुन्या डिस्कवर, लपवलेल्या फायली दिसतील अशी मांडणी करून, ‘पीएसटी’ अखेर असलेल्या फायलींचा शोध घ्यावा. थंडरबर्डमध्ये २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक स्थापनेसाठी स्वतंत्र प्रोफाइल ठरते. त्यामुळे नव्या आवृत्तीत खाते रिकामे दिसले, तर जुने प्रोफाइल अजून तेथेच आहे का, हे ‘प्रोफाइल मॅनेजर’मधून तपासावे.

(आ) ताबा : फाइल दुसऱ्या प्रणालीच्या ताब्यात असेल, तर ती उघडत नाही. आउटलुक मागे चालू राहिले आहे का, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. फाइल सीडीवरून आणली असेल, तर तिला ‘केवळ वाचनासाठी’ हा गुण चिकटलेला असतो, तो काढावा. चालू वापरातील पीएसटी फाइल कार्यालयातील नेटवर्कवर किंवा वनड्राइव्हसारख्या कप्प्यात ठेवू नये, स्थानिक डिस्कवर ठेवावी.

(इ) आकार व जुनी रचना : आउटलुक ९७ ते २००२ या आवृत्त्यांतील पीएसटी फाइल ‘अँसी’ रचनेची असून तिची मर्यादा २ जीबी होती. आउटलुक २००३ मध्ये युनिकोड रचना आली. तिची ठरावीक मर्यादा प्रथम २० जीबी होती, आउटलुक २०१० पासून ती ५० जीबी झाली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. प्रणाली नवी झाली म्हणून जुनी फाइल आपोआप नवी होत नाही. ती अँसी रचनेतच राहते आणि २ जीबीची मर्यादाही तशीच राहते. यावर उपाय असा : नवी युनिकोड फाइल तयार करावी आणि जुन्या फाइलमधील पत्रे तिच्यात आयात करावीत.

(ई) अंतर्गत बिघाड : वरील तिन्ही कारणे नसतील, तरच दुरुस्तीकडे वळावे. आउटलुकसोबत ‘स्कॅनपीएसटी’ नावाचे साधन येते. आउटलुक बंद करून ते प्रतीवर चालवावे. दुरुस्तीपूर्वी बॅकअप घेण्याचा पर्याय ते देते. तो निवडलेला ठेवावा. कधी कधी ते दोन-तीनदा चालवावे लागते. मूळ कप्प्यात न बसलेली पत्रे ‘लॉस्ट अँड फाउंड’ या कप्प्यात मिळू शकतात, म्हणून तो जरूर उघडून पाहावा.

५.२.४ फाइल उघडली, पण मराठी वाचता येत नाही

मराठीच्या विद्यार्थ्याने या दोषाकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या दप्तरांत मोडी लिपीतील कागद शाबूत असतात, पण मोडी वाचणारे विरळ झाले आहेत. कागद आहे, वाचनाची रीत हरवली आहे. संगणकावरील मजकुराचेही असेच होते. प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो आणि तो कोणत्या रीतीने वाचायचा हे प्रणालीला ठाऊक असावे लागते. मराठी मजकुराचे दोष पुढील चार प्रकारचे असतात.

१. चौकोन दिसणे : संकेतांक शाबूत आहेत, योग्य टंक नाही. देवनागरी युनिकोड टंक बसवताच मजकूर दिसू लागतो.

२. अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे दिसणे, आणि तीच चिन्हे थोड्याथोड्या अंतराने पुन्हा येणे : युनिकोड मजकूर चुकीच्या संकेतन-पद्धतीने वाचला गेला आहे. ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. ते सुटे सुटे वाचले की असे कडबोळे तयार होते. पत्राची संकेतन-पद्धत ‘यूटीएफ-८’ निवडल्यास हा दोष सहसा दूर होतो.

३. रोमन अक्षरांचे शब्दासारखे पुंजके दिसणे : मजकूर युनिकोडपूर्व टंकात, उदाहरणार्थ कृतिदेव किंवा शिवाजी या टंकांत, लिहिलेला आहे. तो टंक बसवावा किंवा परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये न्यावा. ‘ऱ्य’, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत परिवर्तक चुकू शकतो, म्हणून मुद्रितशोधन आवश्यक आहे.

४. ओळीने प्रश्नचिन्हे दिसणे : हा सर्वांत गंभीर दोष आहे. अँसी रचनेत देवनागरीला जागा नसल्याने साठवतानाच अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले गेलेले असते. कोणताही टंक ते परत आणू शकत नाही. मात्र पत्र उघडून पाहावे, कारण विषयाची ओळ गेली तरी आतील मजकूर शाबूत असू शकतो. तोही गेला असेल, तर पाठवणाऱ्याकडे किंवा सर्व्हरवर प्रत आहे का, हे विचारावे.

५.३ सारांश

आवृत्ती बदलल्यानंतरचा दोष म्हणजे पत्रव्यवहाराचा अंत नव्हे. आधी प्रत घ्यावी; मग ठिकाण, ताबा, आकार व अंतर्गत बिघाड या क्रमाने तपासावे. मराठी मजकुराच्या बाबतीत जे दिसते त्यावरून दोष ओळखावा. पहिल्या तीन प्रकारांत मजकूर असतो, चौथ्यात तो साठवतानाच गेलेला असतो. आवृत्ती बदलण्यापूर्वी प्रत घेणे व जुनी फाइल वेळीच युनिकोड रचनेत नेणे, हाच खरा उपाय आहे.

५.४ पारिभाषिक शब्द

माहिती-फाइल : ईमेल, पत्ते, नोंदी इत्यादी साठवणारी फाइल.
संकेतन-पद्धत : अक्षरांना संकेतांक देण्याची व ते साठवण्याची रीत.
टंक : संकेतांकांना दृश्य आकार देणारा अक्षरसंच.
परिवर्तक : एका पद्धतीतील मजकूर दुसऱ्या पद्धतीत नेणारे साधन.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. पॉप खात्यात पत्राची एकमेव प्रत (सर्व्हरवर / संगणकावर) असू शकते.
२. अँसी रचनेच्या पीएसटी फाइलची मर्यादा (२ जीबी / २० जीबी) आहे.
३. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसल्यास (संकेतांक नष्ट झालेला / योग्य टंक उपलब्ध नसतो) असे समजावे.

उत्तरे : १. संगणकावर. २. २ जीबी. ३. योग्य टंक उपलब्ध नसतो.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘आधी प्रत, मग उपचार’ या नियमाचे महत्त्व पॉप व आयमॅप या पद्धतींच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. आपल्या स्वतःच्या किंवा आपल्या संस्थेच्या ईमेलची माहिती-फाइल शोधा. तिचे ठिकाण, आकार व शेवटची प्रत घेतल्याचा दिनांक नोंदवा. प्रत घेतलेली नसेल, तर या स्वाध्यायाचे उत्तर लिहिण्यापूर्वी ती घ्या.