खडक चढणारी छोटी मालमोटार

विद्यार्थी मित्रांनो, गेल्या गळीत हंगामात गावाबाहेरील एका वळणावर उसाची भरलेली ट्रॉली उलटली, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आपल्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याचे चुलते तो ट्रॅक्टर चालवीत होते. जीव वाचला, परंतु पायाला प्लॅस्टर घालून त्यांना तीन महिने घरी बसावे लागले. शाळेत परत आल्यावर त्या विद्यार्थ्याने मला एकच प्रश्न विचारला : “सर, रस्ता चांगला होता, वेगही नव्हता. मग ट्रॉली उलटली कशी?”

या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर आकृती काढून देता आले असते. परंतु त्याच सुमारास त्याने व त्याच्या एका मित्राने बिनतारी नियंत्रणाने चालणारी, खडकांवर चढणारी एक छोटी मालमोटार स्वतः बांधावयास घेतली होती. ‘रॉक क्रॉलर’ या नावाने ती ओळखली जाते. हे उत्तर त्या मोटारीकडूनच मिळवावे, असे आम्ही ठरविले. तिची बांधणी व तिने शिकविलेला धडा हाच या लेखाचा विषय होय.

प्रथम ही मोटार म्हणजे काय ते पाहू. खऱ्या मालमोटारीची सर्व मापे एकाच प्रमाणात लहान केली, म्हणजे तिची प्रतिकृती तयार होते. आम्ही एकास दहा हे प्रमाण निवडले. खऱ्या गाडीत जे अंतर एक मीटर, ते आमच्या गाडीत दहा सेंटिमीटर. मात्र हिचे काम शर्यतीत धावणे हे नव्हे. दगडगोट्यांवरून, घळीतून व चढावरून न अडता, न उलटता, सावकाश पुढे जाणे हेच हिचे काम. आपल्या मुलखात काळ्या पाषाणाला तोटा नाही. शाळेच्या मागे पडलेला बांधकामाच्या दगडांचा ढीग हेच आमचे परीक्षामैदान ठरले.

सांगाडा आणि चाके

गाडीचा पाया म्हणजे तिचा सांगाडा. ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या समांतर ठेवून त्या आडव्या तुकड्यांनी नटबोल्टने जोडल्या की शिडीसारखी चौकट तयार होते. मोठ्या मालमोटारींचा सांगाडाही असाच असतो. भोके पाडण्यापूर्वी कागदावर पूर्ण मापाची आकृती काढावी. आमच्या विद्यार्थ्यांनी घाईने भोके पाडली आणि दोन पट्ट्यांत अवघा दोन मिलिमीटरांचा फरक राहिला. तेवढ्याने पुढचा आस तिरका बसला आणि गाडी सारखी डावीकडे ओढू लागली. पट्ट्या पुन्हा कापाव्या लागल्या.

बैलगाडीचे एक चाक दगडावर चढले की सगळी गाडी कलते, हे आपण नित्य पाहतो. खडक चढणाऱ्या गाडीत असे होऊन चालत नाही. म्हणून तिचे पुढचे व मागचे आस चौकटीला घट्ट न बांधता, दोन्ही टोकांना सांधे असलेल्या दांड्यांनी व मऊ स्प्रिंगांनी जोडतात. त्यामुळे पुढचा आस डावीकडे कलला असता मागचा उजवीकडे कलू शकतो, आणि चारही चाके शक्य तोवर जमिनीला धरून राहतात. जे चाक हवेत आहे ते गाडीला पुढे नेऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तरीही एखादे चाक अधांतरी राहतेच. नेहमीच्या मोटारीत आसाच्या मध्यावर डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची रचना असते. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक फिरावे म्हणून ती केलेली असते. परंतु तिच्यामुळे अधांतरी चाक नुसते गरगर फिरते आणि दगडावर टेकलेल्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून आमच्या गाडीत ही रचना ठेवली नाही. आसाची दोन्ही चाके एकत्रच फिरतात. याची किंमतही मोजावी लागते : वळताना गाडीला जागा अधिक लागते व टायर घासतात. यंत्रशास्त्रात एक लाभ घेतला की दुसरीकडे काही सोडावे लागते, हे येथे दिसून येते.

मंद गतीचे सामर्थ्य

गुऱ्हाळातील चरक तुम्ही पाहिला असेल. त्याची मोटर वेगाने फिरते, पण उसाला चिरडणारे लाट मात्र अगदी सावकाश फिरतात. मध्ये असलेली दातेरी चक्रे वेग कमी करतात व त्याच प्रमाणात फिरविण्याचा जोर वाढवितात. आमच्या गाडीत तीच युक्ती आहे.

समजा, मोटर मिनिटास 13,500 फेरे करते. तिच्या दांड्यावरील 12 दातांचे चक्र 60 दातांच्या चक्राला फिरविते, म्हणजे वेग पाचपट कमी झाला. पुढे 15 दातांचे चक्र 45 दातांच्या चक्राला, आणि शेवटी आसावर 12 दातांचे चक्र 36 दातांच्या चक्राला फिरविते. या दोन ठिकाणी वेग प्रत्येकी तीनपट कमी होतो. एकूण 5 × 3 × 3 = 45. म्हणजे चाक मिनिटास 300 फेरे करील. चाकाचा व्यास 10 सेंटिमीटर धरल्यास परिघ 31.4 सेंटिमीटर होतो. तेव्हा गाडी मिनिटास सुमारे 94 मीटर, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरांहून किंचित अधिक जाईल. ही तर माणसाच्या चालण्याची गती झाली! परंतु घर्षणात जाणारा भाग सोडला, तर जोर मात्र 45 पट वाढला.

आमच्या विद्यार्थ्यांना प्रथम ही गती अपुरी वाटली. त्यांनी दातांचे प्रमाण बदलून वेग दुप्पट केला. सपाट मैदानावर गाडी छान धावली. दगडापाशी मात्र ती अडली, मोटर फिरेनाशी झाली आणि थोड्याच वेळात जळका वास सुटला. अडलेल्या मोटरीतून विजेचा प्रवाह फार मोठा वाहतो व तिचे वेटोळे तापते. ती मोटर गेली ती गेलीच. दुसरी आणेपर्यंत पंधरा दिवस गाडी कपाटात पडून होती.

फळीवरील परीक्षा

नवी मोटर बसविल्यावर गाडी चढू लागली, पण बाजूचा उतार लागताच ती कुशीवर पडे. आता आमच्या मूळ प्रश्नाकडे आम्ही वळलो.

प्रत्येक वस्तूचे सर्व वजन एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. या बिंदूतून सोडलेला ओळंबा चाकांच्या मधल्या जागेत पडतो तोवर गाडी उभी राहते. तो खालच्या बाजूच्या चाकाबाहेर गेला की गाडी उलटते. तेव्हा चाकांमधील अंतर जितके जास्त आणि गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी गाडी स्थिर.

हे मोजण्यासाठी आम्ही 100 सेंटिमीटर लांबीची एक फळी घेतली. तिच्यावर गाडी आडवी उभी केली, आणि ती घसरू नये म्हणून खालच्या चाकांशी एक पातळ पट्टी ठोकली. मग फळीचे दुसरे टोक हळूहळू उचलले. टोक जमिनीपासून 64 सेंटिमीटर उंच होताच गाडी उलटली. प्रमाणात आकृती काढून कोन मोजला, तो सुमारे 40 अंश आला. टायरच्या बाहेरील कडांमधील अंतर 20 सेंटिमीटर होते. त्याचे निम्मे 10. या कोनावरून गुरुत्वमध्य सुमारे 12 सेंटिमीटर उंचीवर आहे असे निघाले. स्प्रिंगा दबत असल्यामुळे हे उत्तर स्थूल मानावयाचे. दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीने ते पडताळून पाहावे.

दोष कळल्यावर उपाय सुचला. गाडीचा वरचा साज मुलांनी हौसेने लाकडाचा व पत्र्याचा केला होता. तो काढून पातळ प्लॅस्टिकचा केला. साजाखालची बॅटरी चौकटीत खाली आणि थोडी पुढे आणली, कारण चढावर वजनाचा भार मागच्या चाकांवर जातो व पुढची चाके उचलू पाहतात. लेथवर कातून घेतलेली पितळेची कडी चाकांच्या आत बसविली, म्हणजे वजन अगदी तळाशी आले. पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी फळीचे टोक 78 सेंटिमीटर उचलेपर्यंत गाडी उभी राहिली. कोन सुमारे 51 अंश, आणि गुरुत्वमध्याची उंची 8 सेंटिमीटर! गाडीचे एकूण वजन फारसे बदलले नव्हते. बदलली होती ती वजनाची जागा.

बिनतारी आज्ञा

ही गाडी दुरून कशी चालते? आपल्या हातातील प्रक्षेपक रेडिओलहरी सोडतो व गाडीतील ग्राहक त्या टिपतो. हल्लीच्या संचांत या लहरींची सेकंदास सुमारे 240 कोटी आंदोलने होतात. ग्राहक पुढचे चाक वळविणाऱ्या सर्व्हो नावाच्या छोट्या यंत्राला दर सेकंदाला सुमारे 50 विजेचे ठोके पाठवितो. ठोका दीड सहस्रांश सेकंद टिकला तर चाक सरळ राहते. तो एक सहस्रांशाकडे आखूड झाला तर चाक एका बाजूस, दोन सहस्रांशाकडे लांबला तर दुसऱ्या बाजूस वळते.

ही कल्पना आजची नव्हे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्यात विद्युत्‌लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखविली. 1898 साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे लोकांसमोर बिनतारी आज्ञेने एक लहान नाव चालविली.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या व जोमदार असतात, परंतु त्या फुगल्या, भोसकल्या गेल्या किंवा चुकीच्या यंत्राने भारित केल्या तर पेट घेतात. तेव्हा त्यांच्यासाठीच असलेले यंत्र वापरावे, वडील माणसांच्या देखत भारित कराव्या, आणि रात्री भारित होत ठेवून निजू नये.

चंद्रावरील सहोदर

कोणी म्हणेल, हा तर मुलांचा खेळ झाला. परंतु 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले तेव्हा त्यातून बाहेर पडलेली ‘प्रज्ञान’ ही गाडी आमच्या गाडीची मोठी बहीणच होती. तिचे वजन 26 किलोग्रॅम व चाके सहा. खडबडीत जमिनीवरही सहाही चाके टेकून राहावीत अशा जोडदांड्यांवर ती बसविली होती. तिची गती होती सेकंदाला केवळ एक सेंटिमीटर! 27 ऑगस्टला सुमारे 4 मीटर व्यासाचा एक खड्डा अवघ्या 3 मीटरांवर आढळला, तेव्हा तिला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली. ती भरधाव असती तर ही आज्ञा देण्यास सवड कोठून मिळाली असती?

आपल्या जिल्ह्याचे उदाहरणही विसरू नये. गुर्लहोसूर येथे 1869 साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून प्रारंभ केला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली. हाताने काम करता करता डोक्याने शिकणे ही या मातीतील जुनी परंपरा होय.

प्रश्नाचे उत्तर

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात आम्ही ती फळी व गाडी मांडली होती. शेजारी लहानशा ट्रॉलीची प्रतिकृती ठेवून तिच्यात उसाच्या कांड्यांची मोळी प्रथम बसकी, मग उंच रचून दाखविली. हिशेबही लिहिला होता : चाकांतील अंतर दीड मीटर असून गुरुत्वमध्य एक मीटर उंचीवर असेल, तर उभी ट्रॉली सुमारे 37 अंशांवर उलटेल. ढीग उंच रचून तोच दीड मीटरवर नेला, तर 27 अंशांच्या आतच. त्यात चाक खड्ड्यात गेले, वळण आले वा ऊस एका बाजूस सरकला, की याहूनही कमी कलणे पुरते.

त्या विद्यार्थ्याचे चुलते काठी टेकीत प्रदर्शन पाहावयास आले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने फळी दोनदा उचलून पाहिली. मग पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून ते मला म्हणाले, “सर, माल किती भरायचा ते आम्ही काट्यावर बघत आलो. किती उंच भरायचा ते ह्या फळीवर बघायला पाहिजे हुतं.”

मित्रांनो, मुलाने वर्षापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर याहून नेमक्या शब्दांत मलाही देता आले नसते. तुम्हीही अशी गाडी बांधा. सर्व साहित्य मिळाले नाही तर निदान एक फळी व एक खेळण्यातील गाडी घ्या, तिच्यावर ओझे रचा आणि ती कोणत्या कोनात उलटते ते मोजा. आणि येत्या हंगामात तुमच्या घरची ट्रॉली भरली जात असेल, तेव्हा जे मोजले ते वडीलमंडळींना नम्रपणे सांगा.