काळा कुत्रा

ठाणे,
रविवार, दुपार

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस. चुगली ओवीने केली, आणि तीही मोठ्या ऐटीत: "आजी, बाबा सिग्नलला झोपला, मग मी मागून त्याचे केस ओढले." वाकडच्या पुलाखाली मागचे लोक हॉर्न बडवतायत आणि पाच वर्षांची पोर बापाला उठवतेय. ताई हसत हसत सांगायला लागली आणि मध्येच गप्प झाली. मला रात्रभर झोप नाही. तुला मात्र कुठेही लागते!

ऑन-कॉलचा आठवडा काय असतो ते मला सांगू नकोस. रात्री अडीचला अलर्ट, चारपर्यंत लॉग चाळायचे, शेवटी रोलबॅक करायचा, आणि आठला शाळा. त्यात नोव्हेंबर लागला की अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, तुझा साडेआठचा कॉल साडेनऊला सरकतो, आणि पोरीला झोपवायची वेळही गेली. कळतं रे सगळं. पण म्हणून झोपेत गाडी?

"पाच मिनिटांचा तर रस्ता," असं म्हणालास म्हणे. इंजिनिअर ना तू? ताशी 40 च्या वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. 3 सेकंद डोळा लागला, 33 मीटर झाले. तुमच्या फाटकासमोर तेवढ्यात भाजीवाली, इस्त्रीवाला आणि शाळेची बस, सगळे उभे असतात. सर्व्हरला स्टँडबाय ठेवता, मग पोरीला शाळेत सोडायला का नाही? मुग्धा आहे, रिक्षा आहे, आणि एक दिवस शाळा बुडाली तर पहिलीतल्या पोरीचं काय अडणार आहे?

आता एक सांगतो. ताईला सांगितलेलं नाही.

मनूच्या हनुवटीवरचे तीन टाके तुला ठाऊक आहेत. उपवनच्या रस्त्यावर स्कूटरला काळा कुत्रा आडवा आला, ही गोष्ट आपल्या घरात दर दिवाळीला निघते. समीर, कुत्रा नव्हता.

31 डिसेंबर 1999. मी तेव्हा सीप्झमध्ये. आमच्या कोबोलच्या प्रोग्रॅमात वर्षाला दोनच घरं ठेवलेली, म्हणजे 99 नंतर 00 आणि मशीनच्या मते पुन्हा 1900. वर्षभर आम्ही तेच निस्तरत होतो. त्या रात्री इथले बारा वाजले, कोणीतरी केक कापला, पण आमचं खरं मरण पुढेच होतं. गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं, त्यांचे बारा म्हणजे आपले सकाळचे साडेदहा. साडेदहा वाजले आणि काही म्हणजे काही झालं नाही. अहवाल नीट छापले गेले. साहेबाने पाठ थोपटली. फेब्रुवारीला 29 दिवस धरलेत ना, एवढं पुन्हा एकदा तपासून मी बाराला निघालो. 28 तास जागा होतो आणि लढाई जिंकल्यासारखा हवेत होतो.

घरी मनू फ्रॉक घालून दारात. नव्या वर्षात तलावावर न्यायचं कबूल केलं होतं. मामी म्हणाली, आधी झोप काढा. मी म्हणालो, पाच मिनिटांचा तर रस्ता. हेच शब्द, बरं का.

मनू चेतकवर पुढे उभी, हँडल धरून. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता, तेवढं आठवतं. त्यानंतर एकदम खडी दिसली, आणि तिचा आवाज. कुत्रा मी दवाखान्यात सुचवला. पुढे इतक्या वेळा सांगितला, की आता मनूच जावयाला सांगते; काळा रंग तिनेच दिलाय. मामीने काही विचारलं नाही. फक्त रात्री स्कूटरची किल्ली तूरडाळीच्या डब्यात लपवली आणि आठवडाभर मला सापडू दिली नाही. तिला कळलं असणार.

त्या रात्रीच्या कामाबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं. कुठे ठेवलंय, देव जाणे. टाके मात्र दर राखीपौर्णिमेला समोर येऊन बसतात.

मघाशी फार बोललो. तू वाईट बाप नाहीस. ओवीच्या वेण्या तू घालतोस हे ताईने सांगितलंय, भांग वाकडा असतो हेही. मी मनूची एकदाही घातली नाही. तुला रागावायचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. पण झोप झालेली नसेल तर गाडी नको, राजा. एवढं ऐक.

पुढचा ऑन-कॉल कधी आहे ते कळव. मी शिवनेरीने येतो, वाकडला उतरतो. मला आता तसंही पहाटे पाचला जाग येते आणि इथे मामीची झोप मोडते म्हणून अंधारात बसून राहावं लागतं. ओवीला मी रिक्षाने सोडीन, आणीनही. हॉलमध्ये सोफ्यावर झोपेन. रात्री तुझा अलर्ट वाजला तर दचकून उठू नकोस, मी चहा टाकीन. आलं आहे ना घरात? नसेल तर येताना आणतो.

मनूला यातलं काही बोलू नकोस. दिवाळीत ती आली की मीच सांगेन.

तुझा,
मामा