संकेतस्थळ आणि अंध वाचक

सफाळे स्थानकावर गाडीची सूचना फलकावर दिसते आणि ध्वनिक्षेपकावरून ऐकूही येते. संकेतस्थळाची रचना याच दृष्टीने व्हावयास हवी. अंध वाचकास पडद्यावरील मजकूर एन.व्ही.डी.ए.सारखी विनामूल्य मिळणारी संगणक-प्रणाली वाचून दाखविते. तथापि ती अक्षरे वाचते. परिपत्रकाच्या छायाचित्रातून तिच्या हाती सहसा काही लागत नाही. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख अशा छायाचित्रातच राहिली, तर अंध विद्यार्थ्यापुरती ती प्रसिद्धच झाली नाही.

जुन्या मराठी फाँटांतील मजकूर याहून फसवा. डोळ्यांस तो शुद्ध देवनागरी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती बहुधा रोमन अक्षरे व चिन्हे असतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक ध्वनी पडतात. यास्तव लेखन युनिकोडमध्येच करावे. चित्रास शब्दांत वर्णन जोडावे. ‘चित्र १’ हे काही वर्णन नव्हे. मंददृष्टी मुलांसाठी अक्षरे पार्श्वभूमीवर ठसठशीत उठावीत, कर्णबधिरांसाठी चित्रफितीत बोललेले शब्द लिहून दाखवावेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार अशी सोय करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे.

परीक्षा सोपी आहे. पानावरील एक ओळ नकलून मोबाईलच्या संदेशात चिकटवावी. देवनागरी उमटली नाही, तर तो मजकूर पुन्हा टंकावा.