युवकांची सहयोगी राजनय परिषद : स्वरूप आणि आयोजन

जी-२० राष्ट्रगटाचे अध्यक्षपद १ डिसेंबर २०२२ ते ३० नोव्हेंबर २०२३ या काळात भारताकडे होते. या काळात युवा-२० या सहभाग गटाच्या बैठका देशाच्या निरनिराळ्या भागांत भरविण्यात आल्या. प्रारंभीची बैठक फेब्रुवारी २०२३ मध्ये गुवाहाटी येथे, शिखरपूर्व बैठक एप्रिलमध्ये लेह येथे आणि अंतिम शिखर परिषद १७ ते २० ऑगस्टदरम्यान वाराणसी येथे पार पडली. पुण्यातही ११ मार्च रोजी 'शांतता प्रस्थापना आणि समेट' या विषयावर विचारविनिमय झाला. कामाचे भविष्य, हवामान बदल व आपत्ती धोका निवारण, शांतता व समेट, लोकशाही व प्रशासनातील युवकांचा सहभाग आणि आरोग्य, स्वास्थ्य व क्रीडा हे पाच विषय ठरविण्यात आले होते. वाराणसी येथे या विषयांवर संयुक्त निवेदन स्वीकृत झाले.

परीक्षार्थींच्या टिपणवहीत ही माहिती बहुधा असतेच. परंतु निरनिराळ्या देशांतील युवक एका मसुद्यावर सहमत होतात तेव्हा प्रत्यक्षात काय घडते, आणि तशी परिषद एखाद्या महाविद्यालयात वा जिल्ह्याच्या ठिकाणी भरवावयाची असल्यास काय करावे लागते, याचा विचार क्वचितच होतो. आंतरराष्ट्रीय संबंध या घटकाचा अभ्यास करणाऱ्यास हा विचार उपयुक्त आहे. कारण करारांची कलमे पाठ करून जे उमगत नाही, ते एक परिच्छेद दहा जणांकडून मान्य करून घेताना उमगते.

स्पर्धा की सहयोग?

युवकांना राजनयाची ओळख करून देण्याचा सर्वाधिक रुळलेला मार्ग म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद. तिचे मूळ राष्ट्रसंघाच्या काळात अमेरिकी विद्यापीठांत झालेल्या अभिरूप अधिवेशनांत सापडते. भारतातील महानगरांतही हा उपक्रम आता सर्वपरिचित आहे. वक्तृत्व, वाचन आणि सभाधीटपणा यांना त्यातून निश्चित चालना मिळते. मात्र बहुतेक ठिकाणी तेथे 'सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी' असे पारितोषिक असते आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दोष नेमका येथेच शिरतो. ज्याला पारितोषिक हवे आहे तो दुसऱ्याची सूचना स्वतःच्या मसुद्यात का सामावून घेईल? खऱ्या वाटाघाटीत यशस्वी मुत्सद्दी तो, ज्याच्या प्रतिपक्षालाही मायदेशी परतल्यावर काहीतरी मिळवून आणल्याचे सांगता येते. असा मुत्सद्दी व्यासपीठावर अनेकदा उठून दिसतही नाही.

सहयोगी परिषदेत म्हणून वैयक्तिक क्रमांक नसतात. सर्व प्रतिनिधींना एकत्रितपणे एकच दस्तऐवज तयार करावयाचा असतो आणि तो झाला नाही तर ते अपयश सर्वांचे असते. एवढा एक नियम बदलला तरी सभागृहातील वातावरण बदलते.

या कल्पनेला आंतरराष्ट्रीय अधिष्ठानही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ रोजी जॉर्डनच्या पुढाकाराने ठराव क्रमांक २२५० एकमताने संमत केला. युवकांकडे केवळ संघर्षाचे बळी किंवा संघर्षाचे इंधन म्हणून न पाहता शांतता निर्माण करणारा घटक म्हणून पाहावे, हा त्याचा गाभा. सहभाग, संरक्षण, प्रतिबंध, भागीदारी आणि विलगीकरण व पुनर्एकात्मीकरण हे त्याचे पाच स्तंभ होत. या ठरावात युवक म्हणजे १८ ते २९ वर्षे वयोगटातील व्यक्ती, तर भारताच्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ वर्षे वयोगटातील व्यक्ती. वस्तुनिष्ठ प्रश्नांत या दोहोंची गल्लत हमखास होते.

विषयाची निवड

आयोजनातील सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे विषय ठरविणे. 'जागतिक शांतता' किंवा 'दहशतवादाचे आव्हान' असा विषय दिला की प्रतिनिधी भाषणे करतात. कारण त्यात वाटून घेण्यासारखे, सोडण्यासारखे किंवा मिळविण्यासारखे काहीच नसते. ज्यात हितसंबंध मोजता येतात असा विषय हवा. त्याचबरोबर तो सहभागींच्या भावना आरंभीच पेटविणारा नसावा. सिंधू जलवाटप करार १९६० चा असून एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. अभ्यासासाठी तो अत्यावश्यक आहे, परंतु भारतीय विद्यार्थ्यांच्या पहिल्या परिषदेत पाकिस्तानची बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचे ओझे कोणावर टाकावे, हा प्रश्नच आहे. हे साधण्यासाठी थोडे दूरचे उदाहरण बरे. मेकाँग नदीचे उदाहरण या दृष्टीने जवळजवळ आदर्श ठरते.

मेकाँगच्या खालच्या खोऱ्यातील लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या चार देशांनी ५ एप्रिल १९९५ रोजी करार करून मेकाँग नदी आयोग स्थापन केला. वरच्या खोऱ्यातील चीन आणि म्यानमार हे सदस्य नसून संवाद-भागीदार आहेत. लाओस डोंगराळ आणि भूवेष्टित. जलविद्युत निर्यात हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा मार्ग. थायलंडला वीज हवी आहे. कंबोडियातील तोन्ले साप सरोवरात पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलट शिरते आणि त्या चढउतारावर तेथील मासेमारी अवलंबून आहे. व्हिएतनामचा भातपिकाचा त्रिभुज प्रदेश वरून येणाऱ्या गाळावर आणि गोड्या पाण्यावर जगतो. प्रवाह घटला की समुद्राचे खारे पाणी आत शिरते.

लाओसने २०१० मध्ये मुख्य प्रवाहावरील सायाबुरी धरणाचा प्रस्ताव आयोगापुढे पूर्वविचारविनिमयासाठी मांडला. कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी आक्षेप घेतले. तरीही १,२८५ मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प पूर्ण होऊन ऑक्टोबर २०१९ मध्ये कार्यान्वित झाला आणि त्यातील बहुतांश वीज थायलंड विकत घेतो. १९९५ च्या करारानुसार पूर्वविचारविनिमय हा कोणा देशाचा नकाराधिकार नव्हे. आणि इतरांचे हक्क विचारात न घेता पाणी वापरण्याचा एकतर्फी अधिकारही नव्हे. या दोन 'नव्हे'च्या मध्ये उरलेली जागा म्हणजेच राजनयाचे क्षेत्र. प्रतिनिधींना २०१० सालात नेऊन उभे करावे आणि त्यांच्याकडून तीन परिच्छेद लिहून घ्यावेत: धरणाची रचना व गाळ, मत्स्यव्यवसायाची भरपाई आणि माहितीची देवाणघेवाण. पहिल्या परिच्छेदावर प्रथम कडाक्याचा वाद होतो आणि थोड्याच वेळात ध्यानात येते, की तिसऱ्यावाचून पहिल्याला अर्थ नाही. प्रवाहाच्या नोंदीच मिळणार नसतील तर रचनेविषयीची हमी तपासणार कशी?

एकच मसुदा

भूमिका ठरल्यानंतर प्रत्येक गटाला स्वतःचा ठराव लिहू द्यावा की सर्वांपुढे एकच मसुदा ठेवावा? सहयोगी पद्धतीत दुसरा मार्ग स्वीकारला जातो. त्याचे मोठे उदाहरण म्हणजे संयुक्त राष्ट्रांची सागरी कायदाविषयक तिसरी परिषद. डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झालेल्या या परिषदेत दीडशेहून अधिक राष्ट्रांच्या सूचनांचा ढीग साचला, तेव्हा १९७५ च्या जिनिव्हा सत्रात समित्यांच्या अध्यक्षांनी 'अनौपचारिक एकल वाटाघाटी मसुदा' सादर केला. तो कोणा देशाचा नव्हता, त्यामुळे तो फेटाळण्यात कोणाची प्रतिष्ठा गुंतली नव्हती आणि त्यात दुरुस्ती सुचविणे म्हणजे पराभव नव्हता. श्रीलंकेचे शर्ली अमरसिंघे हे परिषदेचे पहिले अध्यक्ष. १९८० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सिंगापूरचे टॉमी कोह यांनी धुरा घेतली. ३० एप्रिल १९८२ रोजी हा करार १३० विरुद्ध ४ मतांनी स्वीकृत झाला, १७ राष्ट्रे तटस्थ राहिली. १६ नोव्हेंबर १९९४ पासून तो अमलात आहे. सहमतीसाठी नऊ वर्षे झटूनही शेवटी मतदान घ्यावे लागले, ही गोष्ट सहमतीच्या मर्यादाही दाखवून देते.

मसुद्यातील वादग्रस्त शब्द चौकटी कंसात ठेवण्याची संयुक्त राष्ट्रांतील प्रथा विद्यार्थ्यांनी जरूर वापरावी. सकाळी दहा कंस असलेला परिच्छेद सायंकाळी दोन कंसांवर आला, ही प्रगती फळ्यावर डोळ्यांना दिसते. एका शब्दाचे मोल किती असते, हे २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या शेवटच्या दिवशी जगाने पाहिले. विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीविषयीच्या वाक्यात बंधन सूचित करणारे इंग्रजी क्रियापद आल्याने अमेरिकेने हरकत घेतली. मराठीत सांगायचे तर तेथे 'करतील' असे होते, ते 'करावे' असे करण्यात आले. आणि १२ डिसेंबर रोजी करार स्वीकृत झाला.

सहमती म्हणजे काय?

सहमती आणि एकमत यांत फरक आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापना करारानुसार, उपस्थित सदस्यांपैकी कोणी औपचारिक आक्षेप घेतला नाही तर निर्णय सहमतीने झाला असे मानले जाते. म्हणजे सर्वांना आवडलेच पाहिजे असे नाही. कोणालाही असह्य होता कामा नये. परिषदेच्या आरंभीच अध्यक्षांनी ही व्याख्या वाचून दाखवावी आणि अखेरीस सहमती झाली नाही तर काय, हेही तेव्हाच सांगावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरू येथील जी-२० अर्थमंत्र्यांच्या बैठकीत युक्रेनविषयक परिच्छेदांवर रशिया आणि चीन सहमत न झाल्याने संयुक्त निवेदनाऐवजी 'अध्यक्षांचा सारांश व फलनिष्पत्ती दस्तऐवज' काढण्यात आला. त्यानंतर ९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्ली येथील शिखर परिषदेत ८३ परिच्छेदांचे घोषणापत्र पूर्ण सहमतीने स्वीकृत झाले. विद्यार्थ्यांच्या परिषदेतही अध्यक्षांच्या सारांशाची वाट मोकळी ठेवावी. खोट्या सहमतीपेक्षा प्रामाणिक मतभेदाची नोंद बरी.

प्रत्यक्ष व्यवस्था

प्रतिनिधींची संख्या चाळीसपेक्षा अधिक नसावी. प्रत्येक देशासाठी एकाऐवजी तिघे असावेत. एक बोलणारा, एक मसुद्यावर लक्ष ठेवणारा आणि एक इतर शिष्टमंडळांशी बाहेर चर्चा करणारा. खरा तोडगा बहुधा चहाच्या वेळी निघतो, म्हणून मध्यंतर अर्ध्या तासाहून कमी ठेवू नये. प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयाच्या अशा परिषदेस उपस्थित होता. तेथे स्वागत, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची भाषणे यांत दुपारचे दोन वाजले. वाटाघाटींसाठी जेमतेम दीड तास उरला आणि प्राध्यापकांनी आदल्या रात्री लिहून ठेवलेला ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. विद्यार्थी तेथे केवळ श्रोते होते.

भाषेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. परिषद इंग्रजीतूनच चालली तर निमशहरी आणि ग्रामीण भागातील अभ्यासू विद्यार्थी गप्प बसतात आणि इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी अर्ध्या तयारीनिशी सभा जिंकतो. संयुक्त राष्ट्रांतही सहा अधिकृत भाषा आहेत. मसुदा मराठीत किंवा हिंदीत लिहावा आणि दुभाषाचे काम हे प्रशिक्षण मानून दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावे. अनुवाद करताना कोणता शब्द संदिग्ध आहे हे प्रथम दुभाषालाच कळते.

अध्यक्षस्थानी बसणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी सर्वाधिक हवी. त्याने आधी किमान एक दिवस सराव करावा. कोण बोलले नाही हे टिपणे, दोन परस्परविरोधी सूचनांतील समान भाग वाचून दाखविणे आणि स्वतःचे मत गिळणे, ही तीन कामे त्याला जमली पाहिजेत. खर्च फारसा येत नाही. सभागृह, फळा, नकाशे, झेरॉक्स आणि जेवण एवढ्यात भागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक किंवा राज्यशास्त्र मंडळ हे सहज पेलू शकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दस्तऐवज पूर्ण झाल्यानंतरचा तासही राखून ठेवावा. या वेळी प्रतिनिधींनी भूमिका उतरवून ठेवाव्यात, १९९५ चा मूळ करार हाती घ्यावा आणि आपला मसुदा त्याच्याशी कलमागणिक ताडून पाहावा: आपण कोठे त्याच तोडग्यावर आलो, कोठे निराळे गेलो आणि निराळे गेलो तेथे कोणत्या देशाचा प्रतिनिधी त्या क्षणी खोलीबाहेर होता.