बाबांचा टीव्ही ठेवू की बदलू?

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचा 50 इंची पायोनियर कुरो प्लाझ्मा टीव्ही माझ्याकडे आलाय. ठेवू की नवा घेऊ?

उत्तर : भंगारात देण्याची घाई नको. जपानीत ‘कुरो’ म्हणजे काळा, आणि याच्यासारखा गडद काळा आजच्या स्वस्त एलईडीलाही जमत नाही. पायोनियरने 2009 मध्येच टीव्हीतून बाहेर पडण्याचे जाहीर केले, त्यामुळे नवा पॅनेल विसरा. आधी दिवे मालवून पूर्ण पांढरे चित्र लावा. कोपऱ्यात वाहिनीच्या चिन्हाचा डाग दिसतो का? ‘स्मार्ट’ नाही ही अडचण फुटकळ. एचडीएमआयला स्टिक लावली की झाले. उजेडाच्या हॉलमध्ये दिवसभर मालिका चालणार असतील, तर मात्र चित्र फिके दिसेल आणि वीजबिल झोंबेल. डाग नसेल तर रात्रीच्या सिनेमांसाठी ठेवाच. बिघडला, की ओएलईडी घ्या.