खसखशीएवढे भाग पाटीवर कोण मांडते?



मागच्या फेब्रुवारीत आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला. कांद्याला चार दिवस पाणी मिळाले नाही. दुरुस्तीवाल्या काकांनी डबा उघडला, तेव्हा आत एक हिरवी पाटी दिसली. तिच्यावर बारीक बारीक काळे-तपकिरी दाणे चिकटलेले होते. मी विचारले, "काका, एवढे बारीक हाताने कसे बसवतात?" काका म्हणाले, "हाताने नाही गं, मशीन बसवतं. तुझ्या ताईलाच विचार की!" माझी ताई पुण्याजवळच्या एका कारखान्यात याच मशीनवर कामाला आहे. ती होळीला घरी आली तेव्हा मी वही घेऊनच बसले. तिने सांगितले ते येथे लिहीत आहे.

ही पाटी काचेचे धागे आणि राळ यांची बनवलेली असते. तिच्यावर तांब्याच्या पातळ रेघा असतात. त्या म्हणजे विजेच्या पायवाटाच. पूर्वी पाटीला भोके पाडून, भागांचे पाय त्यांतून खाली काढून, हाताने डाख देत. १९८० नंतरच्या दशकात भाग पाटीच्या वरच चिकटवण्याची पद्धत जगभर पसरली. यातला एक लहान भाग १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा!

काम तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा : आपण रांगोळीचा छाप ठेवून वरून रांगोळी फिरवतो ना, तसा पातळ पोलादी पत्रा पाटीवर ठेवतात. त्याच्या भोकांतून डाखेचा लगदा हव्या त्याच जागी पडतो.

दुसरा टप्पा : भाग फितीच्या खळग्यांत भरलेले असतात व फितीचे रीळ मशीनला लावलेले असते. मशीनची नळी हवा ओढून भाग उचलते. आपण पेनच्या नळीने कागदाचा कपटा ओढून धरतो, अगदी तसेच. मग कॅमेरा पाहतो की भाग वाकडा तर उचलला नाही ना. वाकडा असेल तर मशीन तो सरळ करून लगद्यावर ठेवते. असे हजारो भाग ते एका तासात ठेवते.

तिसरा टप्पा : पाटी पट्ट्यावरून भट्टीत जाते. शिसे नसलेली नेहमीची डाख सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागते. भट्टी त्याहून थोडी जास्त तापवतात. बाहेर आल्यावर डाख थंड होते आणि भाग पक्का बसतो.

आता ताईचे काम. मशीनला डोके नसते. प्रत्येक भागासाठी तिला एक ओळ लिहून द्यावी लागते : भागाचे नाव, कोणत्या रिळातला, डावीकडून किती मिलिमीटर, खालून किती मिलिमीटर आणि किती अंशांत फिरवायचा. मोजणीदार जमीन मोजताना आधी हद्दीचे दगड शोधतात. तसे मशीनही आधी पाटीच्या कोपऱ्यांजवळच्या गोल खुणा शोधते आणि तेथून मोजते. बुटके भाग आधी, उंच भाग नंतर, असा क्रम लावतात. नाहीतर नळीचा धक्का लागतो.

ताईने स्वतःची एक चूकही सांगितली. डायोड नावाचा भाग वीज एकाच दिशेने जाऊ देतो. एकदा नवे रीळ आले. त्यात डायोडचे तोंड उलट्या बाजूला होते. ताईने ते पाहिले नाही आणि जुनाच कोन ठेवला. फरक १८० अंशांचा! पहिली पाटी भिंगाखाली नीट तपासायची असते, पण घाईत तिने वरवर पाहिली. तिच्या लक्षात येईपर्यंत २४ पाट्या भट्टीतून बाहेर आल्या होत्या. मशीनने प्रत्येक डायोड अगदी मधोमध बसवला होता, पण उलटा.

"जेवणाची सुट्टी होती, कुणी बघितलं नव्हतं," ताई म्हणाली. मी विचारले, "मग?" ती म्हणाली, "मग काय, मीच जाऊन साहेबांना सांगितलं. खूप बोलले. पण पाट्या तिथंच थांबल्या." गरम हवेने एकेक डायोड काढून परत लावायला रात्र झाली. बाबा ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. कुणाचे तरी कांदे वाळले असते."

आईने विचारले, "मशीन आल्यावर हाताने डाख देणाऱ्या बायांचं काय झालं गं?" ताई थोडी थांबली. म्हणाली, "काहींचं काम गेलं, आई. काही रिळं लावायला, पाट्या तपासायला शिकल्या. मोठे भाग अजून हातानंच बसवतो. मला भिंगातून बघायला त्यातल्याच एका मावशींनी शिकवलं."

करून पाहा : एका आलेख कागदावर ५ हरभरे आणि ३ आगकाड्या मांडा. प्रत्येकाची जागा आणि काडीच्या गुलाची दिशा कोनमापकाने मोजून लिहा. ती यादी मित्राला द्या. त्याने काही न विचारता दुसऱ्या कागदावर तसेच मांडायचे. आम्ही वर्गात केले तेव्हा मी खालच्या कोपऱ्यापासून मोजले होते आणि मैत्रिणीने वरच्या. सगळे चित्र उलटे झाले! चूक तिची नव्हती. कोठून मोजायचे ते मीच लिहिले नव्हते.

पालकांना विनंती : घरातला बंद पडलेला रेडिओ किंवा रिमोट फेकू नका. सेल काढून आमच्या विज्ञान कोपऱ्यासाठी द्या. मुलांनो, वीज जोडलेली वस्तू मात्र कधीही उघडू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी