मनीचा कान हलतो, मनी हलत नाही

प्रश्न : आमची मनी कपाटावर झोपलेली असते. कितीही हाका मारा, ढिम्म हलत नाही. फार तर एक कान फिरवते. पण स्वयंपाकघरात सुक्या बोंबलांची पिशवी उघडली की लगेच पायाशी हजर! तिला कमी ऐकू येतं की ती सोंग करते?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : कान फिरवते ना? मग ऐकू येतंय. फक्त उठायचे कष्ट घेत नाही. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी सहकाऱ्यासोबत हेच तपासलं होतं. पाळीव मांजरांना अनोळखी माणसांच्या हाका ऐकवल्या, मग मालकाची हाक ऐकवली. मालकाचा आवाज बऱ्याच मांजरांनी ओळखला, पण ओळख दाखवली ती कान आणि मान वळवून. उठून येण्याची तसदी सहसा कुणी घेतली नाही. हा अभ्यास २०१३चा. पुढे २०१९मध्ये साइतो यांच्याच गटानं दाखवलं, की मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं कळतं. तेव्हा सोंगाचा आरोप अगदीच निराधार नाही.

आता बोंबलांची पिशवी. प्लास्टिकच्या चुरचुरीत बारीक, उंच पट्टीचे आवाज भरपूर असतात आणि मनीचे कान तिथेच तल्लख. माणसाला तरुणपणी २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत, मांजराला जवळजवळ ८५ हजारांपर्यंत. उंदरांची आपापसातली बरीचशी चिवचिव आपल्या कानांच्या पलीकडची असते; मांजराला ती सरळ ऐकू येते. बरं, त्यासाठी खालची पट्टी सोडावी लागली असंही नाही. भरदार पुरुषी आवाजही तिला व्यवस्थित कळतो.

उंच पट्टीचा आणखी एक फायदा. डोकं लहान असलं की खर्जातल्या लांब लहरी त्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत सहज पोचतात. आखूड लहरी मात्र डोक्याने अडतात, त्यामुळे एका कानाला आवाज मोठा, दुसऱ्याला बारीक. त्या फरकावरून खुडबूड डब्यामागे आहे की पोत्याखाली, याचा अंदाज बांधता येतो.

उरलेलं काम कानाच्या पाळ्या करतात. दुपारी खिडकीत पेंगणाऱ्या मांजराकडे जरा निरखून पाहा. डोळे मिटलेले, एक कान अंगणातल्या साळुंकीकडे, दुसरा मागे कुकरच्या शिट्टीकडे. दोन्ही कान स्वतंत्र फिरतात, तेही जवळजवळ १८० अंशांत. पाळी वळली की तिच्या घड्यांमधून आत जाणारा आवाजही बदलतो. पाळी कुठे वळली आहे याची खबर स्नायूंकडून मेंदूला मिळत असल्यामुळे हिशेब चुकत नाही. कान आडवे पडले की मात्र हात आवरा, आणि डोक्याला चिकटले की दूरच राहा.

उंदीर पळवायला प्लगमध्ये खोचायचं यंत्र घरात असेल तर काढून टाका. आपल्याला न ऐकू येणारा त्याचा आवाज मनीच्या कानांवर आदळत असतो, आणि उंदरांसाठी मनी आहेच की.

खरोखर बहिरी मांजरंही असतात. पांढरी शुभ्र, निळ्या डोळ्यांची असतील तर शक्यता बरीच. डार्विननं १८५९च्या ग्रंथातही याची नोंद केली आहे. अशा मांजरांच्या अंतर्कर्णात रंगपेशी नसतात आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिथली रचना झडते. शंका असेल तर मांजर झोपलेलं असताना पाठीमागून कागद चुरगळा. पाय आपटू नका, जमिनीचा हादरा बहिऱ्या मांजरालाही कळतो. कान जराही हलला नाही तर पशुवैद्यांना दाखवा. कान सतत खाजवत असेल, आत कॉफीच्या चुऱ्यासारखी काळपट घाण दिसत असेल, तरीही तिकडेच जा. बहुधा गोचिडांच्या जातीतले सूक्ष्म किडे असतात. घरचं कोमट तेल घालू नका.